वेदप्रामाण्य आणि वेदोक्ताचा अधिकार : मराठी धर्मव्यवहाराच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक

हिंदू धर्माचा परिचय करून देणारे बहुतेक ग्रंथ वेदांपासून सुरू होतात. वेद हे धर्माचे मूळ होय, ते अपौरुषेय आहेत, सर्व शास्त्रे त्यांनाच प्रमाण मानतात, ही विधाने पाठ्यपुस्तकांतून इतक्या वेळा येऊन गेली आहेत की ती तपासून पाहण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. परंतु सामान्य हिंदू माणसाच्या प्रत्यक्ष धर्मजीवनाकडे पाहिले असता चित्र निराळे दिसते. पंढरीची वारी, खंडोबाची तळी, देवीचा गोंधळ, सत्यनारायणाची पूजा यांपैकी एकाचाही उगम ऋग्वेदात सापडत नाही. ज्या इंद्राच्या स्तुतीने ऋग्वेद भरला आहे त्या इंद्राचे देऊळ आपल्या पंचक्रोशीत आढळत नाही, आणि ज्या विठ्ठलासाठी लाखो लोक पायी चालतात त्याचे नाव संहितेत नाही.

या विसंगतीचा उलगडा फ्रेंच भारतविद्यावंत लुई रेनू यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतातील वेदांच्या भवितव्याविषयीच्या आपल्या निबंधात केला. त्यांच्या मते हिंदू परंपरेतील वेदांविषयीचा आदर हा बऱ्याच अंशी जाता जाता केलेल्या औपचारिक अभिवादनासारखा आहे. हे निरीक्षण श्रद्धेच्या बाजूने पाहिल्यास मार्मिक आहे. मात्र व्यवहाराच्या बाजूने पाहू लागल्यावर ते अपुरे पडते. औपचारिक अभिवादनासाठी कोणाची इनामे जप्त होत नाहीत. कोल्हापुरात ती झाली. ज्या गोष्टीला धर्मजीवनात आशयाच्या दृष्टीने इतके कमी स्थान आहे तिच्यासाठी एक राजा आणि त्याचा पुरोहितवर्ग वर्षानुवर्षे का झगडला, हा प्रस्तुत लेखाचा मूळ प्रश्न होय.

वेदांचे हिंदू व्यवहारातील स्थान 'वेद काय सांगतात' या प्रश्नाने कळत नाही, तर 'वेदमंत्र कोणासाठी म्हटला जातो आणि ते कोण ठरवितो' या प्रश्नाने कळते, अशी प्रस्तुत लेखकाची धारणा आहे. मराठी विचारविश्वात या दोन प्रश्नांची सतत गल्लत होत आली आहे.

ध्वनी आणि अर्थ

वेद हा शब्दशः ऐकण्याचा ग्रंथ आहे. 'श्रुती' या नावातच ते आले आहे. ऋग्वेदाची दहा मंडले, १०२८ सूक्ते आणि दहा हजारांहून अधिक ऋचा लेखनाच्या आधाराशिवाय शतकानुशतके जशाच्या तशा टिकल्या, त्याचे श्रेय पाठपद्धतींना आहे. संहितापाठ, पदपाठ व क्रमपाठ यांच्या पुढे जटा, माला, शिखा, रेखा, ध्वज, दंड, रथ आणि घन अशा आठ विकृती रचल्या गेल्या. शब्द उलटसुलट क्रमाने पुनःपुन्हा म्हणण्याच्या या योजनेत अर्थाचा काहीही संबंध येत नाही, किंबहुना अर्थ मोडूनच घनपाठ सिद्ध होतो. युनेस्कोने २००३ मध्ये वेदपठणाच्या परंपरेस मानवजातीचा मौखिक वारसा म्हणून गौरविले व २००८ मध्ये तिचा समावेश प्रातिनिधिक यादीत केला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील ऋग्वेदाच्या तीस हस्तलिखितांची नोंद २००७ मध्ये जागतिक स्मृतिठेव्यात झाली. पठणाची नोंद आधी आणि पोथ्यांची नंतर, हा क्रम योगायोगाचा असला तरी वेदांच्या स्वरूपाशी जुळणारा आहे.

अर्थाचा प्रश्न परंपरेला पडलाच नाही असे मात्र नव्हे. यास्काच्या निरुक्तात कौत्साचे मत नोंदविले आहे. त्यानुसार मंत्र निरर्थक असून त्यांचे सामर्थ्य उच्चारात आहे. यास्काने या मताचे खंडन केले आणि अर्थ न जाणता वेद पाठ करणाऱ्यास ओझे वाहणाऱ्या खांबाच्या रांगेत बसविले. जैमिनीच्या मीमांसासूत्रांतही हाच पूर्वपक्ष येतो आणि चौदाव्या शतकातील सायणाचार्यांनाही ऋग्वेदभाष्याच्या उपोद्घातात त्याची दखल घ्यावी लागते. वादात कौत्स हरला. परंतु व्यवहारात तोच जिंकला, असे म्हणणे भाग आहे. मुंजीत, वास्तुशांतीत, श्राद्धात मंत्र म्हटला जातो तो कळण्यासाठी म्हटला जात नाही, तो 'लागू पडावा' म्हणून म्हटला जातो.

सामर्थ्य उच्चारात आहे असे एकदा मानले की पुढचा प्रश्न अपरिहार्यपणे उच्चाराच्या हक्काचा होतो. मीमांसकांनी त्यास 'अधिकार' म्हटले व जैमिनीने सहावा अध्याय त्यासाठी दिला. हा अध्याय आपल्याकडे फारसा वाचला जात नाही. शूद्रास यज्ञाचा अधिकार नाही हा सिद्धांत तेथे आहेच, पण त्याआधी सर्वांस अधिकार आहे असे मानणाऱ्या बादरीचे मतही नावानिशी आहे. त्रैवर्णिकांबाहेरच्या रथकारास अग्न्याधानाचा आणि निषादांच्या प्रमुखास एका विशिष्ट इष्टीचा अधिकार श्रुतिवचनाच्या बळावर मान्य करावा लागला, याचीही चर्चा आहे. ब्रह्मसूत्रांतील अपशूद्राधिकरणावर भाष्य करताना शंकराचार्य वेदाध्ययनाचा निषेध कायम ठेवतात, मात्र इतिहास-पुराणांच्या द्वारे चारही वर्णांस ज्ञान मिळू शकते असे सांगतात. म्हणजे आशय खुला, ध्वनी बंद. पुढील काळातील 'वेदोक्त' आणि 'पुराणोक्त' या दोन पद्धतींचे बीज येथे आहे. कर्म तेच, देवता तीच, फळही बहुधा तेच. फरक एवढाच की एकासाठी श्रुतीतील मंत्र आणि दुसऱ्यासाठी पुराणातील श्लोक. संकल्पात श्रुती, स्मृती आणि पुराणे यांत सांगितलेल्या फळाची इच्छा एकाच समासात व्यक्त केली जाते. समासात जे एकत्र आहे ते पुरोहिताच्या पोथीत वेगळे होते.

संतांची तक्रार

मराठी समीक्षेत संतांच्या वेदविषयक भूमिकेवर विपुल लेखन झाले आहे. त्यात स्थूलमानाने दोन पक्ष दिसतात. एक पक्ष संतांना वेदविरोधी बंडखोर ठरवितो, तर दुसरा त्यांच्या साहित्यातील वेदगौरवाची स्थळे दाखवून ते वैदिक परंपरेचेच वाहक होते असे सांगतो. दोघांनाही पुरावे मिळतात, कारण दोघेही आशयाविषयी बोलतात आणि संत बहुतेक वेळा अधिकाराविषयी बोलत असतात.

इ. स. १२९० मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायातील विवेचन या दृष्टीने पुन्हा वाचावयास हवे. ज्ञानदेव तेथे वेदाच्या संपन्नतेविषयी शंका घेत नाहीत, त्यास कृपण म्हणतात. कारण तो तीन वर्णांच्याच कानी लागला. स्त्री-शूद्रादिकांना त्याने वंचित ठेवले. हे उणे भरून काढण्यासाठीच वेद गीतारूपाने पुन्हा प्रकटला, अशी त्यांची मांडणी आहे. कृपणावर दारिद्र्याचा आरोप कोणी करीत नाही, तो संपत्ती दाबून ठेवण्याचा असतो. हे बंड आहे की समर्थन, हा प्रश्नच येथे गैरलागू आहे. ही वाटणीची तक्रार आहे, आणि वाटणीची तक्रार करणारा वारस असतो, परका नसतो.

पैठणच्या ब्रह्मवृंदासमोर रेड्याच्या मुखातून वेद वदविल्याची आख्यायिकाही याच अंगाने पाहता येते. तिच्या ऐतिहासिकतेची चर्चा येथे अप्रस्तुत आहे. लक्षात घेण्याजोगे हे की लोकमानसाने चमत्कारासाठी पठण निवडले. रेड्याने वेदांताचे निरूपण केले असे कथा सांगत नाही. ज्या ठिकाणी अडवणूक होती त्याच ठिकाणी, म्हणजे उच्चारात, कथेने अडवणूक मोडली. अर्थाची अडवणूक असती तर कथा निराळी झाली असती.

तुकोबांनी उलट दिशेने वाट काढली. वेदाचा अर्थ आम्हांसच ठाऊक, इतरांकडे केवळ भार आहे, असा दावा त्यांनी केला. हा दावा यास्काच्या बाजूचा आहे. उच्चार तुमच्याकडे असेल, प्रामाण्य अर्थाचे आहे आणि तो अर्थ आमच्याकडे आहे, असे म्हणून त्यांनी वादाचे मैदानच बदलले. बहिणाबाईंना मात्र हे मैदान पुरेसे वाटले नाही. वेद-पुराणे ज्या गोष्टी मोठ्याने सांगतात त्यांतून स्त्रीस मात्र काही लाभत नाही, ही त्यांची व्यथा स्वतः ब्राह्मण कुटुंबातील स्त्रीची आहे. अधिकाराची रेषा जातीजातींतून जाते तशी ती एकाच घरातूनही जात होती, याचा तो आतून आलेला पुरावा होय. समीक्षकांनी तुकोबांच्या दाव्यास जेवढी जागा दिली त्याच्या चौथाईने बहिणाबाईंच्या या तक्रारीस दिली असती तरी पुष्कळ झाले असते.

कोल्हापूर, १८९९

एकोणिसाव्या शतकात वेदांचा अर्थ मराठीत खुला झाला. माक्स म्युल्लर यांची सायणभाष्यासह ऋग्वेदाची आवृत्ती १८७४ मध्ये पूर्ण झाली आणि १८७६ पासून शंकर पांडुरंग पंडित यांनी 'वेदार्थयत्न' हे मासिक काढून ऋचांचे मराठी व इंग्रजी भाषांतर विवेचनासह देण्यास प्रारंभ केला. पुढे सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांनी ऋग्वेदाचे मराठी भाषांतर केले. ज्याला अक्षरओळख होती आणि अंक विकत घेण्याची ऐपत होती तो कोणत्याही जातीचा असो, ऋग्वेद काय म्हणतो हे वाचू शकत होता. यावरून राज्य हादरविणारे प्रकरण काही उभे राहिले नाही. ते उभे राहिले ते कार्तिकातल्या एका स्नानावरून.

१८९९ च्या कार्तिक मासात शाहू छत्रपती पंचगंगेवर स्नानास जात असत. समवेत असलेले राजारामशास्त्री भागवत यांच्या लक्षात आले की भटजी महाराजांसाठी पुराणोक्त मंत्र म्हणत आहेत. चरित्रकारांनी दिलेल्या हकीकतीनुसार खुद्द भटजीने स्नान केलेले नव्हते. पुराणोक्तासाठी त्याची आवश्यकता नाही, असा त्याचा खुलासा होता. हा तपशील किरकोळ वाटेल, पण सारे प्रकरण त्यात सामावले आहे. मंत्र कोणता यावर म्हणणाऱ्याच्या शुचिर्भूततेचे प्रमाण ठरत होते, आणि मंत्र कोणता हे ऐकणाऱ्याच्या वर्णावरून ठरत होते. शिवछत्रपतींच्या गादीचा वारस त्या थंड पाण्यात शूद्र म्हणून उभा होता.

प्रश्न नवा नव्हता. शिवाजीमहाराजांची मुंज, राण्यांशी समंत्रक विवाह आणि ६ जून १६७४ चा राज्याभिषेक गागाभट्टांनी वैदिक विधीने केला, त्यामागे हाच वाद होता. कलियुगात पहिला आणि शेवटचा असे दोनच वर्ण उरले, मधले क्षत्रिय-वैश्य नष्ट झाले, असे मत तेव्हा पंडितांत प्रचलित होते. या ठिकाणी काशीच्या भट्ट घराण्यातील एक गंमत नमूद करण्यासारखी आहे. गागाभट्टांचे चुलते कमलाकरभट्ट यांनी शूद्रांच्या धर्मकृत्यांवर 'शूद्रकमलाकर' हा ग्रंथ लिहिला, आणि पुतण्याने ज्यांना अनेक जण शूद्र मानीत त्यांना वैदिक अभिषेक केला. त्याच वर्षी सप्टेंबरात निश्चलपुरी गोसावी यांच्या हस्ते महाराजांनी तांत्रिक पद्धतीचा दुसरा अभिषेक करवून घेतला. राज्यकर्त्यास वैदिक विधी पुरेसा वाटला असता तर त्याची गरज नव्हती. म्हणजे सत्तेचे समाधान करण्यास तंत्र चालत होते, वर्णाचा निवाडा करण्यास मात्र वेदच लागत होता.

बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १८९६ मध्ये राजवाड्यातील विधी वेदोक्त पद्धतीने सुरू केले होते. कोल्हापुरात राजोपाध्यांनी तसे करण्यास नकार दिला. ऑक्टोबर १९०१ मध्ये 'केसरी'त टिळकांचे 'वेदोक्ताचे खूळ' या शीर्षकाचे लेख आले. चौकशीसाठी नेमलेल्या समितीचा अहवाल छत्रपतींच्या बाजूने गेल्यानंतर १९०२ मध्ये राजोपाध्यांची इनामे खालसा झाली. वरिष्ठ ब्रिटिश अधिकाऱ्यांपर्यंत अपिले झाली, ती फेटाळली गेली. १९०५ मध्ये शंकराचार्य पीठाकडूनही छत्रपतींचा वेदोक्ताचा अधिकार मान्य झाला.

टिळकांच्या भूमिकेचे समर्थक सांगतात की त्यांचा आक्षेप मंत्रांस नव्हता, तर मंत्रांच्या आडून चाललेल्या जातिस्पर्धेस व इनामजप्तीस होता. हा बचाव मान्य केला तरी 'खूळ' हा शब्द उरतोच. पुराणोक्ताने फळात उणेपणा येत नाही, मग वेदोक्ताचा हट्ट कशाला, हा युक्तिवाद वरवर तर्कशुद्ध आहे. पण तो दोन्ही बाजूंस सारखाच लागू पडतो. फरक पडत नसेल तर द्यावयास हरकत काय होती? ज्याने नाकारले त्यास फरक पडत होता, म्हणूनच मागणाऱ्यास पडला. वेदमंत्राचे मोल येथे त्याच्या अर्थात नव्हते, फळातही नव्हते. ते यजमानाच्या नावगोत्राला तो जोडला जातो या गोष्टीत होते.

शाहू महाराजांच्या भूमिकेतील ताणही येथे लपवू नये. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापून पुरोहिताशिवाय विवाह लावण्याचा मार्ग दाखविला होता. त्या मार्गात वेदोक्ताची मागणीच उद्भवत नाही. वेदोक्त मागणे म्हणजे वेदाचे प्रामाण्य आणि क्षत्रियत्वाची चौकट दोन्ही मान्य करणे होय. राजघराण्यास ते मिळाले म्हणून पंचगंगेकाठच्या महार-मांगास काही मिळाले नाही. महाराजांना हे उमगले असावे, असे त्यांच्या पुढील कृतींवरून दिसते. इनामे जप्त झाली त्याच १९०२ च्या २६ जुलैस त्यांनी संस्थानातील नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या. १९२० मध्ये मराठा पुरोहित तयार करण्यासाठी वैदिक पाठशाळा काढली आणि पाटगावच्या मठात क्षात्रजगद्गुरूंचे पीठ निर्माण केले. यांतील पहिल्या निर्णयाचे परिणाम आजही आपण पाहतो. पाठशाळा आणि पीठ यांची नावे मात्र इतिहासाच्या अभ्यासकांपुरती उरली. मंत्राच्या मार्गाने समता फार पुढे जात नाही, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

मंत्रपुष्पांजलीचे कोडे

आता याच्या अगदी उलट उदाहरण. महाराष्ट्रात असा एक वेदपाठ आहे जो सर्व जातींचे स्त्रीपुरुष, मुलेबाळे, मोठ्या आवाजात, कोणाचीही परवानगी न घेता म्हणतात. गणेशोत्सवात आरती संपली की हातात फुले घेऊन जी मंत्रपुष्पांजली म्हटली जाते ती संपूर्णपणे वैदिक आहे. तिच्यातील पहिली ऋचा ऋग्वेदात दोन ठिकाणी येते, त्यांपैकी एक स्थान पुरुषसूक्ताच्या अखेरीस आहे. कुबेरास नमन करणारा दुसरा मंत्र तैत्तिरीय आरण्यकातील आहे. साम्राज्य, भौज्य, स्वाराज्य, वैराज्य अशी राज्याच्या प्रकारांची लांबलचक मालिका असलेला भाग आणि शेवटचा मरुत्त राजाविषयीचा श्लोक ऐतरेय ब्राह्मणाच्या आठव्या पंचिकेतील आहे.

प्रस्तुत लेखक ज्या महाविद्यालयात शिकवितो तेथे बहुसंख्य विद्यार्थी शेतकरी कुटुंबांतील आहेत. द्वितीय वर्षाच्या वर्गात विचारले असता जवळजवळ सर्वांना ही पुष्पांजली तोंडपाठ निघाली. ती वेदातील आहे हे दोघांना ठाऊक होते. तिचा अर्थ कोणासच माहीत नव्हता. शिक्षकवृंदाची स्थिती याहून फारशी वेगळी नसावी.

ऐतरेय ब्राह्मणाची आठवी पंचिका कशाविषयी आहे? राजाच्या अभिषेकाविषयी. राज्यप्रकारांची ती मालिका 'ऐंद्र महाभिषेक' या विधीतील आहे. क्षत्रियास सर्व दिशांचे आधिपत्य मिळावे, समुद्रापर्यंतच्या पृथ्वीचा तो एकमेव राजा व्हावा, असे ज्या पुरोहितास वाटत असेल त्याने हा अभिषेक करावा, असे तेथे सांगितले आहे. आणि पुरोहिताने तो करण्यापूर्वी राजाकडून शपथ घ्यावयाची आहे. मी तुझा द्रोह केल्यास जन्मापासून मरणापर्यंतचे माझे सारे पुण्य, आयुष्य आणि संतती नष्ट होवो, अशा आशयाची ती शपथ आहे. मरुत्ताचा उल्लेखही ज्यांना हा अभिषेक झाला त्या राजांच्या यादीत येतो. संवर्त आंगिरसाने त्यास अभिषेक केला होता.

तात्पर्य, जो मंत्रभाग क्षत्रिय राजाच्या अभिषेकासाठी रचला गेला, ज्याचा अधिकार क्षत्रियासच आहे आणि ज्यास लागून राजाने पुरोहितास द्यावयाची शपथ येते, तोच भाग आज वाडीवस्तीवरील मंडपांत ढोलकी थांबवून म्हटला जातो. कोल्हापूरच्या छत्रपतींना साध्या स्नानापुरते नाकारले गेले ते येथे सर्वांस फुकट मिळते. स्वरांचा विचार तर करूच नये. स्वर चुकल्यामुळे त्वष्ट्याच्या मंत्राने इंद्राचा शत्रू वाढण्याऐवजी मारला गेला, ही शिक्षाग्रंथांची आवडती कथा. त्या कसोटीने भाद्रपदातील कोणतीही गल्ली सुरक्षित नाही!

याविरुद्ध कोणी तक्रार का केली नाही? 'लोक सुधारले' हे उत्तर सोपे आहे, पण ते पटत नाही. कारण त्याच काळात त्याच गावातील लग्नांत पुराणोक्ताचा रिवाज चालू होता. उत्तर विधीच्या रचनेत शोधावे लागते. मंत्रपुष्पांजली समूहाने म्हटली जाते. तिला संकल्प नाही, यजमान नाही, नावगोत्राचा उच्चार नाही. म्हणून तिने कोणाचाही वर्ण ठरत नाही, आणि दक्षिणेचा प्रश्न येत नाही. जेथे मंत्र कोणा एकाच्या नावाला चिकटत नाही तेथे अधिकाराची भिंत आपोआप विरघळली. पुण्यात ऋषिपंचमीच्या दिवशी दगडूशेठ हलवाई गणपतीसमोर हजारो महिला एकत्र अथर्वशीर्ष म्हणतात, त्याविषयीही हेच म्हणता येईल. स्त्रीस वेदाधिकार आहे की नाही याचा निर्णय कोणत्याही धर्मसभेने दिला म्हणून ते घडले नाही. समूहाच्या आवाजात तो प्रश्न विचारण्यास जागाच उरली नाही.

मंगल कार्यालयातील दृश्यही पडताळून पाहावे. मंगलाष्टके संपून अक्षता पडल्या की पाहुणे पंगतीकडे वळतात. मंगलाष्टके वैदिक नाहीत. ज्यात वैदिक मंत्र आहेत तो होम आणि ती सप्तपदी त्यानंतर, दहा-बारा नातलगांच्या उपस्थितीत, मागे जेवणाचा गलबला चालू असताना उरकली जाते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही सप्तपदीचे सातवे पाऊल महत्त्वाचे मानले आहे. मंत्र वेदोक्त असावा की पुराणोक्त याविषयी तो मौन पाळतो.

व्याख्येतील पेच

व्यवहारातील हे वास्तव लक्षात घेतले म्हणजे 'हिंदू' शब्दाच्या व्याख्येकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते. वेदांच्या ठिकाणी प्रामाण्यबुद्धी, साधनांची अनेकता आणि उपास्याविषयी नियमाचा अभाव ही टिळकांनी सांगितलेली लक्षणे प्रसिद्ध आहेत. १४ जानेवारी १९६६ रोजी सत्संगी पंथाच्या खटल्यात निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने याच लक्षणांचा आधार घेतला. सरन्यायाधीश गजेंद्रगडकर यांच्या त्या निकालपत्रात वेदांचा आदरपूर्वक स्वीकार हे पहिले लक्षण आहे. हरिजनांना मंदिरप्रवेश द्यावा लागू नये म्हणून आपण हिंदूच नव्हे, असा पंथाच्या बाजूने दावा होता. न्यायालयाने तो फेटाळून मंदिरे खुली केली. तेव्हा या व्याख्येने एक दार उघडले, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

तथापि व्याख्या श्रद्धा सर्वांकडून मागते आणि अधिकाराविषयी बोलत नाही. ज्याच्या कानी वेद पडू नये असे शास्त्र सांगत आले त्याने वेद प्रमाण मानावा, आणि ते न मानल्यास तो हिंदू नव्हे! टिळकांची व्याख्या आणि त्यांचेच १९०१ चे लेख शेजारी ठेवून वाचले की हा पेच उघड होतो. डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या भाषणात शास्त्रांच्या पावित्र्यावरील विश्वास नष्ट केल्याखेरीज जात नष्ट होणार नाही, अशी मांडणी केली. त्यात वेदांवर केलेली टीका मंडळास विशेष खुपली आणि अधिवेशनच रद्द झाले. मंडळावर आर्यसमाजी विचारांचा प्रभाव होता, ही बाब येथे महत्त्वाची. वेद सर्वांना खुला करणारा पक्षसुद्धा वेदाचे प्रामाण्य सोडण्यास तयार नव्हता. आंबेडकरांनी हा पेच एका बाजूने सोडविला, अधिकार मागण्याऐवजी प्रामाण्यच नाकारून.

तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांचा 'वैदिक संस्कृतीचा विकास' (१९५१) हा ग्रंथ मराठीतील या विषयावरील सर्वांत समर्थ ग्रंथ होय. त्यास १९५५ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. वेदकाळापासून आधुनिक चळवळींपर्यंतचा, बौद्ध-जैनांसह, एक सलग विकास ते मांडतात. त्यांची चिकित्सा निर्भय आहे आणि शास्त्राधार अचूक आहेत. परंतु विकास ही विचारांची गोष्ट आहे. विचार पुढे गेला तरी विधी मागे राहू शकतो, आणि वाईच्या प्राज्ञपाठशाळेत बसून हे शास्त्रीबुवांइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार? तरीही ग्रंथात विचारांचा प्रवाह जेवढ्या विस्ताराने येतो तेवढ्या विस्ताराने यजमान आणि पुरोहित यांच्यामधील तो दोन हातांचा पाट येत नाही.

हा प्रश्न इतिहासजमा झाला असे समजण्याचेही कारण नाही. २०२३ च्या रामनवमीस कोल्हापूरच्या छत्रपती घराण्यातील संयोगिताराजे यांनी नाशिकच्या काळाराम मंदिरात आपल्या पूजेच्या वेळी वेदोक्त मंत्रांस विरोध झाल्याचे जाहीरपणे सांगितले आणि वृत्तपत्रांतून खुलासे-प्रतिखुलासे झाले. वेदोक्त, पुराणोक्त हे शब्द ज्यांनी कधी ऐकले नव्हते अशा विद्यार्थ्यांनी त्या आठवड्यात त्यांचा अर्थ विचारला. घराणे तेच, मागणी तीच. आणि येथेही नाव घेऊन, एका व्यक्तीसाठी करावयाची पूजा होती.

दुसरीकडे साकोरीच्या उपासनी कन्याकुमारी स्थानात स्त्रिया वैदिक यज्ञ करीत आल्या आहेत. पुण्यात ज्ञान प्रबोधिनी सर्व जातींच्या स्त्रीपुरुषांना पौरोहित्याचे शिक्षण देते. तिच्या संस्कारपोथ्यांत मंत्राबरोबर त्याचा मराठी अर्थ छापलेला असतो आणि तो यजमानास वाचून दाखविला जातो. कौत्स आणि यास्क यांच्या वादात व्यवहार प्रथमच यास्काच्या बाजूने झुकलेला दिसतो. अर्थ वाचला जाऊ लागल्यावर काही यजमान मंत्रातील आशयाविषयी प्रश्न विचारू लागतात: कन्येचे 'दान' का, पुत्रच का? पाठशाळेतील जुन्या दशग्रंथी ब्राह्मणास असे प्रश्न कधी कोणी विचारले नसतील. त्याच्याकडे मागणी होती ती मंत्राची.